अंगणातून गेलेली रेघ

माझ्या हुद्द्याचं नाव अनुरेखक. हा शब्द मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावा लागला. लग्न ठरताना सासऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगी नेमकं करते काय?" वडील अभिमानानं म्हणाले, "नगरपालिकेत गावाचे नकाशे काढते." ते अर्धंच खरं होतं. अनुरेखक नकाशा काढत नाही, गिरवतो. वरच्यांनी ठरवलेली रेघ स्वच्छ हातानं, शाई न सांडता कागदावर उतरवायची, एवढंच त्याचं काम. पुढे शाई गेली, कॉम्प्युटर आला, पण रेघ ठरवणारे आणि गिरवणारे वेगळेच राहिले.

धुळ्याच्या आयटीआयमधून शिकून निघाले आणि धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या नगरपालिका बदल्या होत होत पालथ्या घातल्या. गटारींचे नकाशे, नळाच्या लायनींचे नकाशे, स्मशानभूमीच्या कुंपणाचे नकाशे, सगळं गिरवलं. त्या नकाशांकडे कुत्रं फिरकत नसे. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायला, "मॅडम, चहा घेतला का?" म्हणून विचारायला माणसं यायची ती एकाच कामाच्या वेळी. प्रभाग रचना.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निवडणूक म्हणजे भोंगे, मतदान आणि गुलाल. गुलाल कोणाच्या अंगावर पडायचा हे बरंचसं त्याच्या खूप आधी ठरतं. पालिकेच्या एखाद्या खोलीत दार लोटून आणि पंखा बंद करून. पंखा बंद, कारण कागद उडतात. घाम पुसत पुसत आम्ही गावाचे तुकडे पाडायचो.

तुकडे पाडायची रीत सांगते. जनगणनेच्या वेळी एकेका शिक्षकाला घरांचा एकेक गठ्ठा मोजायला वाटून देतात, त्याला प्रगणक गट म्हणायचं. हे गट म्हणजे आमच्या विटा. विटेला वीट जोडून प्रभाग बांधायचा, वीट फोडायची नाही. प्रत्येक प्रभागात माणसं साधारण सारखी हवीत. नंबर उत्तरेकडून घालत यायचे. ऐकायला किती सोज्वळ वाटतं! पण कोणती वीट कोणत्या भिंतीत बसवायची, हे जो ठरवतो तोच घराचा मालक होतो.

इच्छुकांचे एकेक नमुने मी पाहिलेत. धुळे जिल्ह्यातल्या एका गावी एक गृहस्थ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, माझी सासुरवाडी माझ्या प्रभागातून बाहेर काढा."

"का हो? हक्काची मतं ना ती?"

"कसली हक्काची? बायकोनं माहेरी सगळं सांगून ठेवलंय."

दुसऱ्या एकाला स्मशानभूमी आपल्याच प्रभागात हवी होती. म्हणाला, "मयतीला सगळ्या जातीचे येतात, भेटीगाठी होतात." मी हसले, तर त्याला राग आला. तो अगदी मनापासून बोलत होता.

त्या काळी नकाशात शेपटं फार असायची. शेपूट हा आमचा ऑफिसातला शब्द. चांगला चौकोनी प्रभाग असायचा आणि त्याच्या एका कोपऱ्यातून चिंचोळी पट्टी निघून, रेल्वे रूळ ओलांडून, बाजारामागून जाऊन एखादी आळी उचलून आणायची. चाळीसगावकडच्या एका गावात मी असं शेपूट गिरवलंय की त्या प्रभागाच्या नगरसेवकाला स्वतःच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला विरोधकाच्या प्रभागातून जावं लागे. शेपटाच्या टोकाला राहणाऱ्यांना आपला नगरसेवक कोण, हे पाच वर्षं कळलं नाही. नगरसेवकाला मात्र ते लोक मतदानाच्या दिवशी बरोबर आठवायचे.

मग ओरड झाली, लोक कोर्टात गेले, हळूहळू नियम कडक झाले. नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता, असली नैसर्गिक किंवा ठळक हद्द ओलांडायची नाही. शेपटं बंद. ते पत्रक वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते. आमचे एक म्हातारे हेडक्लार्क पेढा तोंडात टाकत म्हणाले, "मॅडम, चोरानं नवीन कुलूप बघितलं की तो आधी किल्ली करतो." मला वाटलं, म्हाताऱ्याला कशात चांगलं दिसतच नाही.

शेवटची बदली झाली ती तापीच्या उत्तरेला, खिडकीतून सातपुडा दिसतो अशा एका गावी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले ओळखतील, आणि बाकीच्यांनी आपल्याच गावाचं नाव घालून वाचावं, फारसा फरक पडायचा नाही.

गावाच्या उगवतीला एक नाला आहे. त्याच्या दोन्ही काठांवर मिळून एक वस्ती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून केळीच्या कामाला आलेली आणि इथंच राहिलेली आदिवासी माणसं. पावसाळ्यात नाला भरून वाहतो, एरवी नुसती वाळू. त्या वाळूत लग्नाचे मांडव पडायचे, मिरच्या वाळत असायच्या, भांडण मिटवायला माणसं तिथंच गोल करून बसायची. मोठा भाऊ अलीकडे आणि धाकटा पलीकडे, अशी तर कितीतरी घरं. वस्तीचं मागणं वर्षानुवर्षं एकच: नाल्यावर फरशी टाका, म्हणजे सिमेंटचा छोटा पूल करा. पाणी आलं की पलीकडची पोरं शाळेला मुकत. एका पावसाळ्यात अडलेली बाळंतीण खाटेवरून अलीकडे आणताना पाण्यात गेली. ती जसूबाईची धाकटी जाऊ.

जसूबाई म्हणजे केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारी. ती पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा शिपायानं तिला दारातच अडवलं. त्याला बाजूला सारून ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"अक्का, नकाशा तूच काढस ना? आमनी वस्ती कथा शे दखाड."

मी नकाशावर वस्ती दाखवली. तिनं बोटानं दोन्ही काठ चाचपले.

"बठ्ठी एकच वार्डमा ऱ्हाई ना? मी उभी ऱ्हासू. फरशी मीच करसू, दुसरा कोन्ही करनार नही."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. अनुसूचित जमातीची राखीव जागा कुठे जाते याचा नियम साधा आहे: ज्या प्रभागात त्या लोकांचं प्रमाण सगळ्यात जास्त, तिथे. वस्ती सलग एका प्रभागात राहिली तर ती जागा तिथेच येणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अर्थात नानांनाही दिसत होतं.

नाना म्हणजे केळीचे मोठे व्यापारी आणि गावची पालिका बरीच वर्षं ज्यांच्या शब्दावर चालली ते गृहस्थ. कागदोपत्री नाना तेव्हा कोणीही नव्हते. निवडणुका लांबल्या होत्या, पालिकेवर प्रशासक होता, आणि प्रभाग रचना करा, रद्द करा, परत करा, असा आमचा खेळ चालला होता. कच्चा आराखडा जाहीर होईपर्यंत कुणाला दाखवायचा नाही, असं पत्रकात ठळक लिहिलेलं. तरी एका दुपारी नाना खोलीत आले आणि त्यांच्यासाठी पंखासुद्धा सुरू झाला. मी दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरून उभी राहिले.

नानांनी नाल्यावर बोट ठेवलं. "अक्का, हाऊ नाला शे ना?"

"आहे, नाना."

"मंग नियम काय सांगस?"

"नाला ओलांडू नये."

"मंग?" असं म्हणून ते हसले. मी म्हटलं, "नाना, वस्ती एकच आहे. दोन्ही काठांवर तेच लोक आहेत."

नाना चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. शिकवणीच्या सुरात म्हणाले, "केळले बाजूथीन पिलं फुटतस, अक्का. एक ठेवतस, बाकीनं बठ्ठं कापी टाकतस. नही ते घड बारीक पडस."

हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. केळीच्या बुंध्याशी कोंब फुटतात, त्यांना पील म्हणतात. सगळीच वाढू दिली तर ती मूळ झाडाचं खातात, म्हणून शेतकरी ती वेळच्या वेळी कापतो आणि पुढच्या पिकासाठी एकच मनाजोगतं पील राखतो. नानांनी राखायचं पीलही आधीच निवडलेलं होतं. त्यांच्या गाडीचा चालक. तोही आदिवासीच, पण मान वर करून न बोलणारा. राहायला गावातल्या आदिवासी मुलांच्या आश्रमशाळेच्या मागच्या कॉलनीत.

आता गंमत ऐका. वस्ती नाल्यावर चिरली तर दोन्ही प्रभागांत आदिवासींचं प्रमाण निम्म्यावर येत होतं. मग पहिला नंबर कुणाचा? तर आश्रमशाळेच्या प्रभागाचा. तिथे आदिवासी कोण राहतात? तर जनगणना झाली तेव्हा वसतिगृहात झोपणारी पोरं! ती पोरं केव्हाच शिकून, न शिकून, आपापल्या पाड्यांवर परतली होती. कुणी सुरतेला गेलं, कुणी ऊसतोडीला. त्यांतल्या एकाचंही मत या गावात नव्हतं. पण आमच्या विटा जुन्याच जनगणनेच्या होत्या, आणि विटांमध्ये ती पोरं अजून झोपलेलीच होती. त्यांच्या नावावर जागा राखीव झाली आणि नानांच्या ड्रायव्हरला मिळाली.

यात बेकायदा काय होतं? काहीच नाही. हेच तर मला आजही डाचतं. शेपटाच्या काळात निदान लबाडी दिसायची, नकाशा भिंतीवर लावला की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. हा नकाशा इतका देखणा होता की जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं कौतुक झालं. सरळ हद्दी, नाल्याची नैसर्गिक सीमा, एकही प्रगणक गट फुटलेला नाही. वस्तीचे दोन गट तरी का होते? मोजणीला दोन शिक्षक आले होते, एकानं हा काठ घेतला आणि दुसऱ्यानं तो. दोघांना वाळू तुडवायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आराखडा जाहीर झाला आणि हरकती मागवल्या. वस्तीच्या वतीनं एका मास्तरांनी हरकत लिहून दिली. सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी. वस्तीतली माणसं एक दिवसाची मजुरी बुडवून टेम्पोतून आली. सभागृहात गारवा होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि हरकती इतक्या की प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर पाणी पिण्याइतकाच वेळ. सुनावणी घेणारे अधिकारी सज्जन होते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी कुणाचं खाल्लं नव्हतं. ते फक्त त्या नाल्यावर कधी गेलेले नव्हते.

मास्तरांनी अर्ज वाचला. अधिकारी म्हणाले, "नाला ही नैसर्गिक सीमा आहे. नियमाप्रमाणेच केलंय."

तेव्हा जसूबाई उठली. माईक तिच्या हातात दिला तर तिनं तो बाजूला ठेवला. "साहेब, पानी चार महिना ऱ्हास. मंग तो नाला नही शे, ते आमनं आंगन शे. तठेच लगीन लागतस, तठेच पोरे खेयतस. आंगनमाथीन कोन्ही हद्द काढस का?"

सभागृहात दोघं-तिघं हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही जागा पाहिली आहे ना? तिथे नाला आहे की नाही?"

"आहे, सर," मी म्हणाले. "पण सर, वस्ती एकच आहे. तो नाला त्यांना तोडत नाही, उलट तिथेच ते सगळे एकत्र येतात. नकाशावर हे दिसत नाही, एकदा येऊन पाहा."

"मॅडम, मी प्रत्येक गावात जाऊन पाहू शकत नाही. नाला आहे, एवढं तुम्ही म्हणताय ना?"

"हो, सर."

"नोंद घ्या," ते लेखनिकाला म्हणाले. नोंद काय झाली ते नंतर वाचायला मिळालं: सदर ठिकाणी नाला असल्याचे संबंधित कर्मचाऱ्यांनी मान्य केले, सबब हरकत अमान्य. माझी बाकीची वाक्यं त्यात नव्हती. मी खरं तेच बोलले होते. त्यातलं हवं तेवढं त्यांनी उचललं आणि त्यानंच जसूबाईची हरकत मारली. परतीच्या एसटीत मला इतका संताप आला होता की तापीचा पूल गेला तरी तिकीट हातातच चुरगळलेलं होतं. ऑफिसात आल्यावर आमच्या साहेबांनी बोलावून समज दिली, "मॅडम, तुमचं काम गिरवायचं. बोलायचं नाही."

अंतिम नकाशा मीच गिरवला. हद्द नाल्यातून जाते तेव्हा रेघ पात्राच्या मधोमध काढायची, असा शिरस्ता आहे. मी ती मधोमध काढली. अलीकडचा काठ प्रभाग सात, पलीकडचा आठ. काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला नाना आले होते. शाल त्यांच्याच हस्ते मिळाली. ती मी अजून उलगडलेली नाही.

निवडणूक लागली तेव्हा जसूबाई सातमधून उभी राहिलीच, खुल्या जागेवर, अपक्ष. तिच्या काठानं तिला भरभरून मतं दिली. पलीकडच्या काठावरचे तिचे दीर, नणंदा, टोळीतल्या निम्म्या बायका आठमध्ये. त्यांना मतदान यंत्रावर तिचं नावच दिसलं नाही. एक म्हातारी मतदान केंद्रातच भांडली म्हणे, "मनी जसू कथा शे? तिनं बटन दखाडा." तिला हाताला धरून बाहेर आणलं. जसूबाई पडली. नानांचा चालक आश्रमशाळेच्या प्रभागातून निवडून आला आणि गुलालानं माखलेल्या अंगानंच नानांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला.

निवृत्तीनंतर माझ्या हाताशी वेळ होता. मी वर एक लांबलचक टिपण पाठवलं. गावच्या प्रभागांचा आराखडा गावातल्यांनी करू नये, दुसऱ्या जिल्ह्यातल्यांनी करावा. हरकतीची सुनावणी गार सभागृहात न घेता हरकतीच्या जागेवर उभं राहून घ्यावी. तोंडी सांगितलेलंही लिहून घ्यावं, सगळं. नाला तोडतो की जोडतो हे तिथं राहणाऱ्याला विचारावं. आणि जी माणसं तिथं राहतच नाहीत त्यांच्या नावावर जागा राखू नये. "आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे," असं उत्तर आलं. नोंद घेणे म्हणजे काय, हे मी सुनावणीत पाहिलेलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या सूचनांनाही कुणीतरी किल्ली करीलच, असं आता मलाच वाटतं. त्या हेडक्लार्कची मी मनोमन माफी मागितली.

यंदा उन्हाळ्यात यावलला भाचीकडे गेले होते. राहवलं नाही, वाट वाकडी करून वस्तीवर गेले. फरशी अर्थातच झालेली नाही. सातचे नगरसेवक म्हणतात नाला आठमध्ये, आठचे म्हणतात सातमध्ये. दोघंही नकाशा दाखवतात, आणि माझी रेघ मधोमध असल्यामुळे दोघंही बरोबर ठरतात.

पण अलीकडच्या काठावर एक नवा नळ दिसला. सातच्या नगरसेवकांनी बसवलेला, वर त्यांच्या नावाची पाटी. नळाला लोखंडी पेटी आणि पेटीला कुलूप. दोन तरुण बाया हंडे भरत होत्या. पलीकडून एक पोरगी कळशी घेऊन वाळूतून येत होती, तिला त्यांनी अर्ध्यातूनच हटकलं. "एऽ आठवाली! तुमना मेंबरले सांगा नळ. अठे येऊ नका." पोरगी थोडा वेळ वाळूतच उभी राहिली आणि माघारी गेली.

जसूबाई ओट्यावर बसली होती. केस बरेच पिकलेले. मला पाहून उठली, पाणी दिलं. मी विचारलं, "ती पोरगी कोणाची गं?"

"मना दीरनी. जी जाऊ पानीमा गयी ना, तिनी मोठी पोर."

मी पेला ओट्यावर ठेवला आणि नाल्याकडे पाहिलं. वाळूत मांडव दिसत नव्हता, मिरच्याही नव्हत्या. लग्नं आता दोन्ही काठांवर वेगवेगळी होतात, म्हणाली. मागच्या महिन्यात पोरांची दगडफेक झाली, सातवाले आणि आठवाले अशी.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "जसूबाई, मी सुनावणीत सांगितलं होतं गं त्यांना. वस्ती एकच आहे म्हणून."

"माले माहीत शे, अक्का." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. नाल्याकडे बघत ती म्हणाली, "तवय तुना नकाशा खोटा व्हता. आते खरा व्हई गया."